झेंडा फडकला

चंद्रावर वारा नाही, म्हणून पंधरा ऑगस्टला शलाकाने झेंडा घरातल्या पंख्यासमोर बांधला होता. नेमका सकाळी पंखाच बंद पडला. झेंडा मलूल लोंबत राहिला.

"फडकतच नाही," धाकटी कृत्तिका हिरमुसली.

"असू दे, उभी राहा," शलाका म्हणाली. राष्ट्रगीत लागलं. दोन्ही मुलं सावधानमध्ये ताठ उभी राहिली.

तेवढ्यात झेंडा हलला, भिंतीकडे ताणला गेला आणि फडफडू लागला. कृत्तिकाचा चेहरा खुलला. शलाकाने मात्र पंख्याकडे पाहिलं. पंखा अजून बंदच होता. घरातली हवा भिंतीतून बाहेर चालली होती.

तिने धावत मुलांची हेल्मेट आणली.

"आई, राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नसतं!" थोरला निषाद कुजबुजला. त्याने हेल्मेट घ्यायला हात पुढे केला नाही.