गुणाचा खडा

मार्तापुराच्या बाजारात आमचे अबाह, म्हणजे वडील, अंगठीचे खडे विकतात. गेल्या वर्षी खडे झाले म्हणून आईची पित्ताची पिशवी काढली, तेव्हा त्यांनी तिच्या बोटात हिरव्या खड्याची अंगठी घातली. "हा बोटात असेपर्यंत पोटात खडा धरायचा नाही," म्हणाले. मग हेच सांगून अर्ध्या गावाला तसले खडे विकलेही.

आता आईचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, थंडी वाजून ताप भरला. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. तोंडातून दुर्बीण घालून तो आजच काढायचा होता. वॉर्डात नर्स म्हणाली, "अंगावरचं सगळं काढा. अंगठीसुद्धा."

आईने मूठ आवळली.

"अगं, दे ना," अबाह काकुळतीला आले.

"काढली तर खडे परत होतील. तुम्हीच म्हणाला होता."

"अगं, पण झालाय ना खडा!"

"एकच झालाय. ही नसती तर किती झाले असते?"

नर्स वैतागली. "हाजीसाहेब, बोटातला खडा निघाल्याशिवाय पोटातला निघायचा नाही. लवकर काय ते बघा."

आई कुडकुडत होती, पण मूठ उघडेना. जन्मभर तोंडाच्या जोरावर दगड विकलेले अबाह आता हाताने तिची मूठ सोडवू लागले. शेवटी रडकुंडीला येऊन ते ओरडले, "मस्निया, नुसता दगड आहे गं तो! त्यात कसलाही गुण नाही!"

आईची मूठ सैल पडली.

 

आणि वॉर्डातल्या खाटाखाटांवर माणसं आपापल्या बोटांकडे बघू लागली.