हरभऱ्यातले ससे

"मेले... खाल्लं... सगळं," खाटेवरून हे पुटपुटले. अर्धांगवायूनं ह्यांची वाचा गेली होती. फक्त हरभऱ्याचे शेंडे कुरतडणारे ससे दिसले, की रागाच्या भरात दोन-तीन शब्द फुटायचे. म्हणून मी रोज संध्याकाळी कुंपणाची जाळी एका कोपऱ्यात उचलून ठेवायची आणि उजाडताना ह्यांची खाट दाराशी ओढायची.

एकदा शेजारच्या सिराजभाईंनी मला जाळी उचलताना पाहिलं. "वहिनी, सशांना आता पत्रिकाही छापा. अहो, हरभरा हातचा जाईल!"

"हरभरा पुन्हा पेरता येईल, भाई. शिव्या देतात, तेवढं तरी बोलतात."

सिराजभाई खाली बघत म्हणाले, "होईल, होईल सुधारणा." पुण्याचे डॉक्टर तेच म्हणायचे, वारज्याहून फोन करणारी लेकही तेच.

आज शेवटच्या वाफ्यात दोन ससे निवांत खात बसले होते. मी शिव्यांची वाट बघत उभी. पण हे रागावलेच नाहीत. बराच वेळ सशांकडे बघत राहिले, आणि मग एकेक शब्द जुळवत, कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदाच अख्खं वाक्य बोलले.

"कुसुम, मी... आता बरा... होणार नाही."