आर्व्हिलची दहावी बंदूक

"वाटोळं केलंस!" होबर्ट ओरडला. "हिरवा पडला बघ बंदुकीचा दस्ता!"

ल्यूडीने तेजाबात भिजवलेली चिंधी बाजूला ठेवली. मेपलचं लाकूड खरंच मेल्या बेडकासारखं दिसत होतं. तिने शेगडीतली लालबुंद सळई उचलली आणि लाकडाला न टेकवता वरून हळूहळू फिरवली. हिरवट रंग गेला, तांबूस आला, आणि लाकडातले आडवे पट्टे एकेक करून वर उठले.

"असंच असतं ते," ती म्हणाली.

"तुला काय ठाऊक?"

"चाळीस वर्षं कॉफी द्यायला येत होते ना मी इथे."

होबर्ट शेजारचा. ल्यूडीचा नवरा आर्व्हिल हेन्स्ली हिवाळ्यात गेला, तो एक ठासणीची बंदूक अर्धी ठेवून. ती पुरी करायचं ल्यूडीने मनावर घेतलं, तेव्हापासून होबर्ट रोज सकाळी तिच्या शेडमध्ये हजर. मदतीला येतो म्हणायचा. मदत कसली डोंबलाची! बाकावर बसायचं आणि तोंडाचा पट्टा चालवायचा.

"कुठवर आणली होती त्याने?" तो विचारायचा.

"थोडंच राहिलं होतं."

"थोडं म्हणजे किती?"

"तुझी कॉफी गार होतेय, होबर्ट."

आमच्या खोऱ्यात सगळ्यांनाच हे कुतूहल होतं. आर्व्हिलला काम करताना कुणी पाहिलंच नव्हतं. शेडचं दार लावलेलं असायचं. आतून कानशीचा आवाज यायचा, आणि कुणी आत पाऊल टाकलं की तो लगेच बंद व्हायचा. कलावंताचा स्वभाव, दुसरं काय! आम्हाला त्याचं कौतुकच होतं.

नाव कोरायचा दिवस मात्र सगळ्या खोऱ्याचा. बंदूक पुरी झाली की आर्व्हिल ती अंगणात आणायचा. डुक्कर भाजलं जायचं, मक्याचा पाव आणि गोड ज्वारीची काकवी यायची, कुणीतरी फिडल काढायचं. मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो नळीवर आपलं नाव कोरायचा. शेवटच्या अक्षराला असा काही झोकदार फाटा काढायचा की बाया शिट्ट्या मारायच्या.

त्याच्या नऊ बंदुका तालुक्याच्या कोर्टात काचेच्या कपाटात लावल्यात. दहावीची खुंटी रिकामी आहे. ती भरायची की नाही, हे नॉक्सव्हिल शहरातून ग्रिंडस्टाफ नावाचे जाणकार येऊन ठरवणार होते. आर्व्हिलच्या हातची असली तर कपाटात, नसली तर नाही.

"ती तिथे लागलीच पाहिजे," ल्यूडी म्हणायची. "बाकी मला काही नको."

नळीला तपकिरी रंग यावा म्हणून तिच्यावर गंज चढवायला आठवडा गेला. रोज खारं पाणी फासायचं, दमट पेटीत टांगायचं, घासून काढायचं, पुन्हा फासायचं.

"आर्व्हिल तीनदाच फासायचा," होबर्टने ज्ञान दिलं.

"सातदा."

"अगं, मला त्याने स्वतः सांगितलंय!"

"मग तीनदा असेल," ल्यूडी म्हणाली, आणि सातदा फासलं. नळी पिकल्या खजुरासारखी तपकिरी झाली. दस्त्यावर तिने जवसाचं तेल तळव्याने चोळचोळून जिरवलं.

राहिलं नाव.

"नावाशिवाय ती कुणाचीच नाही," होबर्ट म्हणाला.

ल्यूडीचा चेहरा उतरला. तीन दिवस ती पत्र्याच्या तुकड्यांवर आर्व्हिलची सही गिरवत होती. छिन्नी सटकायची, फाटा वाकडा जायचा, आणि ती स्वतःलाच शिव्या घालायची.

"ही लबाडी नाही का गं, ल्यूडी?"

"आहे."

"मग?"

"मग काय? नळी घट्ट धर."

ग्रिंडस्टाफ शनिवारी आले. हातमोजे घातले, भिंग काढलं. तासभर बंदूक उलटसुलट न्याहाळली. चाप ओढून पाहिला, दस्त्यातली तेल-चिंध्या ठेवायची पितळी डबी दहा वेळा उघडली-मिटली, नेम धरताना गाल टेकतो त्या बाजूची कोरीव वेल बोटाने चाचपली. होबर्ट बाकावरून सारखा उठत-बसत होता. ल्यूडी भिंतीला टेकून उभी होती.

"ही वेल पाहा," ग्रिंडस्टाफ अखेर बोलले. "प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला बारीकसा जास्तीचा काप आहे. नऊही बंदुकांवर आहे. हा हात मी झोपेतही ओळखीन. आर्व्हिल हेन्स्लीच!"

होबर्टने टोपी हवेत उडवली.

ग्रिंडस्टाफनी भिंग नळीवर नेलं आणि ते थांबले. पुन्हा पाहिलं.

"बाई, हे नाव मात्र त्यांचं नाही."

"हात कापत होता त्याचा शेवटी शेवटी!" होबर्ट मध्येच म्हणाला. "मी साक्षीला होतो ना!"

"ज्याचा हात कापतो त्याला अशी वेल कोरता येत नाही." ग्रिंडस्टाफ हसले. "घाबरू नका. बंदूक त्यांचीच आहे, कपाटात नक्की लागणार. फक्त हे नाव आपण घासून टाकू. कुणातरी अगदीच अडाणी माणसाने कोरलंय हो. ज्याने आयुष्यात कधी बंदूक घडवली नाही, अशाने."

होबर्टने ल्यूडीला डोळ्याने खुणावलं, आता गप्प बस. तिला हवं होतं ते मिळालंच होतं. पण तिचे कान लाल झाले होते.

"घासा खुशाल," ल्यूडी म्हणाली. "पण मग त्या नऊ बंदुकांवरची नावंही घासा, साहेब. आर्व्हिलने त्यांच्यावर तेवढंच केलंय."