कुणाचा ठोसा जड

"बांध रे त्याला ती गादी," ओथा म्हणाला. "एकदाचा निकाल लागूनच जाऊ दे आज."

गादी म्हणजे छातीपोटावर बांधायचं जाड चामडी कवच. उत्तर फिलाडेल्फियातल्या आमच्या तालमीत ते खिळ्याला टांगलेलं असतं. सायलस पिंकनीने हात वर केले आणि मुकाट बांधून घेतलं. त्याला कुणी काहीही बांधलं असतं तरी त्याने हात वरच केले असते.

वाद जुनाच. हॉरेस बीमन भारी, की त्याच्यानंतर चौदा वर्षांनी आलेला लेरॉय स्टॅकहाउस? दोघेही हेवीवेट चॅम्पियन, दोघेही याच तालमीतले, आणि जन्मात कधी एकमेकांसमोर उभे राहिले नाहीत. बीमनने हातमोजे उतरवले तेव्हा स्टॅकहाउस शाळेत होता. तरी दर शनिवारी सकाळी आम्ही सात-आठ रिकामटेकडे जमतो आणि घसा सुकेपर्यंत भांडतो. भिंतीवर फळा आहे, त्यावर दोघांची नावं. ज्याची बाजू वरचढ ठरेल त्याच्या नावाखाली एक रेघ. माझं अक्षर बरं, म्हणून खडू माझ्याकडे असतो. बीमन एक्केचाळीस, स्टॅकहाउसही एक्केचाळीस.

दोघांचेही ठोसे खाल्लेला माणूस एकच, सायलस. तो सरावाचा जोडीदार होता. म्हणजे मोठ्या लढतीआधी महिनाभर चॅम्पियनला बदडायला जो जिवंत माणूस लागतो ना, तो. आम्ही त्याला दर शनिवारी विचारायचो, "सायलस, कुणाचा ठोसा जड?" तो कधी बीमन म्हणायचा, कधी स्टॅकहाउस, कधी स्वतःच्या मेलेल्या भावाचं नाव घ्यायचा. आम्ही हसायचो. हो, हसायचो.

त्या दिवशी डेस्मंड मध्ये पडला. हा आत्ताचा गडी, सहा फूट सात इंच, अजून एकही लढत न हरलेला.

"बीमन एकशे नव्वद पौंडांचा होता म्हणे," तो म्हणाला. "आजच्या हेवीवेटांत उभा तरी राहिला असता का? नाश्त्याला खाल्ला असता मी त्याला."

"अरे चल! पंधरा फेऱ्या लढायचे ते. तुझी सहाव्या फेरीत जीभ बाहेर येते," ओथा उसळला.

आणि मग त्याच्या डोक्यात ती अक्कल आली. डेस्मंडने सायलसला तीन ठोसे मारायचे, गादीवर. म्हणजे सायलसला जुनं सगळं आठवेल, आणि तिघांचीही तुलना होऊन जाईल. ओथा चाळीस वर्षं पोरांना शिकवतोय. आणि आमच्यापैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ठोशाचं उत्तर ठोशालाच विचारायचं, असली आमची अवलाद.

पहिला ठोसा डेस्मंडने हलकाच मारला. सायलसचे पाय आपोआप सरकले, हनुवटी खांद्याआड गेली. आम्ही टाळ्या पिटल्या. डेस्मंडने दुसऱ्यासाठी खांदा मागे घेतला, तोच दार आपटलं.

सायलसची बायको, व्हर्नेल. त्याला आमच्या भरवशावर बसवून ती औषधं आणायला गेली होती. पिशवी तिथेच टाकून ती दोऱ्यांमधून वाकून रिंगमध्ये शिरली.

"हो बाजूला, ताडमाडा!"

"सॉरी, मॅम," डेस्मंड पुटपुटला आणि खरंच कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

"ओथा, डॉक्टर काय म्हणाले ते तुला सांगितलं होतं की नाही? डोक्याला आता एक धक्का बसला तरी जायचा तो!"

"अगं, डोक्याला कुठे, पोटाला मारतोय..."

"आणि मागे पडला तर? डोकं काय घरी ठेवून आलाय?"

व्हर्नेल गादीचे पट्टे सोडायला लागली. बक्कल काही निघेना.

"कुणाचा ठोसा जड, हेच ना पाहिजे तुम्हाला? मग मला विचारा की, मेल्यांनो! बत्तीस वर्षांत मला विचारलंत कुणी? बीमनकडून आला तेव्हा आठवडाभर लघवी लाल. जबडा उघडेना, सूप गाळून पाजलं मी. पण महिन्याभरात उठला, मला नाचायला घेऊन गेला. स्टॅकहाउसकडून आला तेव्हा अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मी वेडी, देवाचे आभार मानले. त्याच रविवारी चर्चला निघालो, तर कोपऱ्यावर थांबून हा मला म्हणतो, बाई, तुम्ही कुठे राहता? सोडतो मी तुम्हाला घरी. अठरा वर्षं झाली. रोज सोडतो."

बक्कल निघालं. तिने गादी ओथाच्या पायाशी भिरकावली. सायलसने सवयीने दोन्ही मुठी तिच्यापुढे धरल्या, लढत संपल्यावर पट्ट्या कापून घ्यायला धरतात तशा. मुठींवर काहीच नव्हतं. तिने त्या तशाच हातात घेतल्या आणि त्याला खाली उतरवलं.

"उशीर झाला, बाई," दारात तो तिला अदबीने म्हणाला. "चला, सोडतो तुम्हाला."

दार लागलं. ओथाने गादी उचलून परत खिळ्याला टांगली. मग जमिनीकडे बघत तो हळूच म्हणाला, "म्हणजे स्टॅकहाउसच."

त्याला कुणी गप्प बस म्हणालं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उठलो. निदान हात तरी थरथरायला हवा होता माझा. बेचाळिसावी रेघ अगदी सरळ आली.