स्पर्धेचा क्यूब

काटा साडेपाचशेच्या पुढे जायला हवा होता. दोनशे चाळीसवर तो अडखळला आणि मागे फिरला. यंत्राच्या जबड्यातला काँक्रीटचा क्यूब धड फुटलाही नाही. भिजलेल्या बिस्किटासारखा जागच्या जागी बसला.

सिव्हिल इंजिनिअर संघटनेच्या हॉलमध्ये हशा पिकला. दरवर्षीची क्यूब स्पर्धा होती. सभासदांनी आपल्या चालू कामावरच्या काँक्रीटचे तीन क्यूब करायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे, मग सगळ्यांदेखत दाबून फोडायचे. ज्याचा क्यूब सर्वांत जास्त भार घेईल, त्याला फिरती ढाल.

"सिमेंट घालायला विसरलीस काय गं?" मागून कुणीतरी ओरडलं.

क्यूब आणणारी इंजिनिअर तीन महिन्यांपूर्वी काकाच्या ठेकेदारीत रुजू झाली होती. कान लाल झाले तरी तिने दुसरा क्यूब उचलून यंत्रात ठेवला. दोनशे तीस. तिसरा, दोनशे पंचेचाळीस.

यंत्राशेजारी टेबलावर बसलेल्या परीक्षकसाहेबांनी आकडे लिहून घेतले. मग पेन खाली ठेवलं.

"माल कुठला घेतलास?"

"कॉलमचा, सर. प्रसूतिगृहाच्या तळमजल्याचे कॉलम भरत होतो ना, त्याच घमेल्यातून."

"वेगळा कालवला नाहीस?"

"वेगळा कशाला? नियमात लिहिलंय, कामावरचाच माल."

हशा थांबला. पुढच्या रांगेतल्या एकाने चहाचा कप बशीत ठेवला, तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

प्रसूतिगृहाचं डिझाइन परीक्षकांचंच होतं. त्या कॉलमांवर दोन स्लॅब टाकून झाले होते. तिसरा उद्या सकाळी सातला.

काका उठून पुढे आला. "हात दाखवून अवलक्षण केलंस," तो पुतणीला म्हणाला. "क्यूबचा माल मी बाजूला कालवून देतो दर वेळी. विचारायचं तरी एका शब्दाने."

"मग कॉलमचा?"

"कॉलमचा काय? जो असतो तो."

"उद्याचा स्लॅब टाकायचा नाही," परीक्षक म्हणाले.

"साहेब, पायापासूनचे क्यूबचे बारा रिपोर्ट आहेत फाइलला. सगळे पास. प्रत्येकावर तुमची सही आहे." काकाने आवाज खाली आणला. त्यात उर्मटपणा नव्हता. "चाळीस वर्षं झाली तुम्हाला या धंद्यात. क्यूब कसे करतात, ते आता मी सांगायचं?"

परीक्षकांनी तिथेच उभं राहून डॉक्टरबाईंना फोन लावला. प्रसूतिगृह त्यांचं होतं. कॉलमची ताकद हवी त्याच्या निम्मीही नाही, काम थांबवा, कॉलमला भोक पाडून आतला माल तपासून घेऊ, असं त्यांनी नीट, सावकाश सांगितलं. पलीकडे कुठलंतरी तान्हं मूल रडत होतं.

"परवा तुम्हीच म्हणालात, रिपोर्ट उत्तम आहेत."

"हो."

"मग खोटं कधी बोललात? परवा, की आज?"

परीक्षकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जुनी जागा महिनाअखेर सोडायची आहे मला. बाळंतिणी व्हरांड्यात झोपवतेय मी आत्ता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तोंडी नको. लेखी द्या, तुमच्या सहीने. आधीचे बाराही रिपोर्ट खोटे होते, असं. आज द्या, उद्या काम बंद करते." फोन बंद झाला.

परीक्षकांनी निकालाचा कागद उलटा केला आणि पाठीमागे तारीख लिहिली. त्याखाली 'मी' लिहिलं. पुतणी खांद्यामागे उभी राहून वाचत होती.

संघटनेचे अध्यक्ष व्यासपीठावरून खाली आले. पुतणीकडे पाहून कसनुसं हसले. मग खुर्ची ओढून परीक्षकांच्या अगदी जवळ बसले.

"तुम्ही लिहाल हो. पण मग लोक विचारतील, बाकीच्यांच्या रिपोर्टांचं काय? बाकीचे म्हणजे कोण, बघा जरा."

परीक्षकांनी मान वर केली. साठेक जण बसले होते. कुणी बुटांकडे पाहत होतं, कुणी छताकडे. त्यांतल्या निम्म्यांच्या इमारतींची डिझाइनं परीक्षकांनीच करून दिली होती. शाळा होत्या, पाण्याच्या टाक्या होत्या, त्यांच्या स्वतःच्या मुलीचं घर होतं. प्रत्येकाची फाइल होती, आणि फाइलमधले सगळे रिपोर्ट पास होते.

"उभ्या आहेत ना अजून सगळ्या?" अध्यक्ष म्हणाले. "झाकली मूठ, साहेब." मग उठून त्यांनी टाळी वाजवली. "चला, पुढचा क्यूब लावा! चहा गार होतोय."

पुढचा क्यूब गुळगुळीत होता, कडा सुरीने कापल्यासारख्या. काटा पाचशेवर गेला, सातशेवर गेला. माणसं खुर्च्यांतून पुढे वाकली. नऊशे. हजार. मग बंदूक उडावी तसा आवाज झाला. यंत्राच्या जाळीवर खडी तडतडली आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. क्यूबवाल्याने दोन्ही हात जोडून चारी बाजूंना नमस्कार केला.

"हा कुठल्या इमारतीतला?" पुतणीने विचारलं.

तिने ते क्यूबवाल्याला विचारलं होतं. तो वाकून तुकडे गोळा करायला लागला. टाळ्या विरत गेल्या आणि एकेक मान परीक्षकांकडे वळली, कारण आकडा वाचायचं काम त्यांचं होतं.

परीक्षकांनी कागद पुन्हा सुलटा केला; 'मी' खालच्या बाजूला गेला. चष्मा पुसला, पुन्हा लावला, काट्याजवळ गेले.

"एक हजार चाळीस," त्यांनी वाचलं. शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.