येतो म्हणून

"दिवा खुंटीवर होता, पोरी. मी खोटं कसं बोलू?" कंदीलकाका म्हणाले.

खाण चालू होती तेव्हा दिवाघर त्यांच्याच ताब्यात होतं. कोळशाला उतरणारा प्रत्येक जण त्यांच्या हातून दिवा घ्यायचा. स्फोट झाला त्या सकाळी तिच्या बापाचा दिवा खुंटीलाच होता. त्या पाळीचं कोणी वर आलं नाही. खाण तशीच बुजवली. आता गाव स्मारकाचा दगड उभारत होतं, आणि काकांनी मान डोलावल्याशिवाय त्यावर नाव चढत नव्हतं.

"दुसऱ्याचा दिवा उचलला असेल बाबांनी," ती म्हणाली. पन्नाशी उलटली तरी बापाचा विषय निघाला की तिचा आवाज लहान मुलीसारखा व्हायचा. "एकदा घरी या. आईचं आता काही खरं नाही. डोळे मिटायच्या आत ते नाव तिला दिसू दे."

काका कुरकुरतच निघाले. वाटेत मात्र खाणीच्या चिकटपणाचे किस्से सांगायला लागले. "माणशी एकच जोड. जुने बूट जमा केल्याशिवाय नवा मिळायचा नाही. मग अंगठा बाहेर डोकावेना का." ती हसली. या दगडापायी ती हसायचंच विसरली होती.

आई खाटेवर पडून होती.

"वहिनी, त्या दिवशी निघताना काय म्हणाला तो?"

"येतो म्हणाले," आई म्हणाली.

खाणीत उतरणारा कधी 'जातो' म्हणत नसे. चुकून म्हटलंच, तर बायको त्याला परत घरात घेऊन, पाणी पाजून मगच सोडायची. लेक तर लहानपणापासून या 'येतो'वरच जगली होती. बाबांना घरी यायचं होतं, एवढं तिला पुरत होतं.

काकांची नजर दाराशी गेली. तिथे खाणीचे बूट होते, तेल पिऊन चकचकीत झालेले.

"हे कोणाचे?"

"बाबांचे. दर रविवारी मीच तेल लावते," लेक कौतुकाने म्हणाली.

काकांनी बुटांकडे पाहिलं, मग आईकडे. आई छताकडे बघत होती. काका उठताना टोपी चढवत म्हणाले, "वय झालं माझं. भलतंच काहीतरी डोक्यात घेऊन बसलो होतो. खुंटी रिकामी होती. लिहा त्याचं नाव."

दगडावरचा पडदा काढला त्या दिवशी आईला खुर्चीसकट उचलून नेलं. नाव सगळ्यात खाली होतं, पण ठसठशीत. आईने अक्षरांवरून बोट फिरवलं, ती पुरती खोल गेलीत ना, हे नखाने चाचपून पाहिलं.

लेकीला भरून आलं. तिने आईचा हात धरला. "आई, पुन्हा एकदा सांग ना. निघताना बाबा काय म्हणाले होते?"

आई दगडाकडेच बघत होती.

"जातो म्हणाला," ती म्हणाली. "बूट राहू देत म्हणाला, शहरात कशाला लागतायत."