तीन नावं

"नाव सांगितल्याशिवाय आम्ही त्यांना मदत कशी करणार, ताई?" सोहसाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं. आवाज मात्र चढवला नाही.

यंग-सिल टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. चार दिवस बंद ट्रकमध्ये, एक दिवस बोटीच्या तळाशी आणि आज सकाळी ही खोली. दक्षिणेचा झेंडा, खिडकीला जाड पडदा, समोर गोड कॉफीचा कागदी पेला. भिंतीवर कुणाही नेत्याची तसबीर नव्हती. अशा भिंतीसमोर ती जन्मात पहिल्यांदाच बसली होती.

सरहद्दीवरच्या तुमान नदीपलीकडे तिला एका सुईणीने लावून दिलं होतं. बुन-न्यो मावशीने. मावशीने तिला अकरा दिवस किमचीच्या, म्हणजे कोबीचं लोणचं पुरून ठेवायच्या खड्ड्यात लपवलं, नदीवरचा बर्फ कुठे जाड आहे ते दाखवलं आणि निघताना एवढंच म्हणाली, "माझं नाव गिळून टाक, पोरी." ते बाहेर पडलं असतं तर मावशी आणि तिची नातवंडं, सगळी छावणीत गेली असती.

सोहसाहेब म्हणाले, राहू दे नाव. मनात काय आहे ते तरी बोला. इथे बोलल्याबद्दल कुणाला उचलून नेत नाहीत.

मग ती बोलली.

नवरा मान-बोक, खाणीत सुतार. पौषाच्या थंडीत खिडकीची काच तडकली, म्हातारी सासू खोकत होती, म्हणून त्याने फटीत वर्तमानपत्र कोंबलं. घाईत पान बघितलं नाही. पानावर नेत्याचा फोटो होता. तो पानावर असला की तिकडे कागदाची घडीसुद्धा चेहऱ्यावरून पडू देत नाहीत, जमिनीवर ठेवत नाहीत, रद्दीत टाकत नाहीत. या पानावर तर बर्फ वितळून फोटो ओघळला होता. शेजारपाजारच्या कुणीतरी ते पाहिलं.

"सभागृहात उभं केलं त्याला," ती म्हणाली. "सात मिनिटं लागली, साहेब. भात चढवला असता तर शिजलाही नसता. कागदाच्या तोंडाला पाणी लागलं म्हणून जित्या माणसाच्या तोंडात माती घातली त्यांनी. सासू महिन्याभरात खोकून गेली. तिच्यासाठी नाही कुणी सभा घेतली."

एवढं बोलून तिलाच दम लागला. चौदा महिन्यांनी नवऱ्याच्या छावणीतून एक चिठ्ठी आली होती, भेटीला येऊ नये अशी. कारण लिहिलं नव्हतं. ते काही तिने सांगितलं नाही. सांगायची गरज वाटली नाही.

सोहसाहेबांनी लिहिणं थांबवलं. हे जगाला कळायला हवं, म्हणाले. दक्षिणेतल्या सोलकडचं त्यांचं बोलणं मऊ, लडिवाळ, शेवटचा शब्द हळूच वर उचलणारं. मग ते पुन्हा सुईणीवर आले, म्हणजे त्यांना ती सुईण हे ठाऊक नव्हतं, ते 'मदत करणारं माणूस' एवढंच म्हणत होते. नदीकाठी धरपकड चालू आहे. त्या माणसाला आठ दिवसांत बाहेर काढता येईल, आमची तशी सोय आहे. फक्त नाव आणि गाव हवं.

यंग-सिलला मावशीचे सुजलेले गुडघे आठवले. मावशी इथे, गरम जमिनीवर पाय पसरून बसलेली. नाव अगदी ओठांवर आलं.

"आधी ते ओले बूट काढा बघू," साहेब म्हणाले आणि स्वतःच खाली बसले. एवढा मोठा अधिकारी तिच्या पायाशी.

बुटांत थंडीसाठी कागद कोंबलेले होते. टाचेखाली तिने मुद्दाम नेत्याच्या फोटोचं पान घातलं होतं. सगळी वाट ती त्याच्यावरून चालून आली होती. बाकीचे लगदे साहेबांनी बादलीत टाकले. ते पान मात्र टेबलावर पसरलं, दोन्ही तळव्यांनी कडेकडून हळूहळू सरळ केलं, चुरगळलेला गाल नीट केला आणि कपाटाच्या माथ्यावर नेऊन ठेवलं.

"नोंदीला लागतं," ते म्हणाले आणि लोकरीचे मोजे तिच्या हाती दिले.

तिने मोजे चढवले. आधी एक, मग सावकाश दुसरा. मग ओंजळीत तोंड घालून अशी रडली, की साहेबांना पाणी आणावं लागलं.

"सांगते," ती म्हणाली. "देवासारखी माणसं, साहेब. एकच नाही, तिघं होती."

तिने तिघांची नावं सांगितली. घरं सांगितली. कुणी भाकरी दिली, कुणी पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवलं, कुणी काणाडोळा केला, सगळं सांगितलं. साहेबांना दोनदा पान उलटावं लागलं.

"त्यांना लवकर काढा तिथून. एकालाही मागे ठेवू नका."

"नाही ठेवणार, ताई."

सोहने दार बाहेरून कडी लावून बंद केलं. पलीकडच्या खोलीत जाऊन गळ्यातला टाय सैल केला, खिशातून नेत्याच्या चेहऱ्याचा तांबडा बिल्ला काढून छातीवर टोचला आणि फोन उचलला. बंद ट्रक नदीअलीकडेच परतला होता आणि बोट किनाऱ्याकिनाऱ्याने नुसती गोल फिरली होती. यंग-सिलचं गाव या खोलीपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं, आणि तिथला सुरक्षाप्रमुख फोनवर आला. सोहने तिन्ही नावं वाचून दाखवली.

पलीकडून ती पुन्हा एकदा वाचायला लावली.

"पहिली आमची वस्तीप्रमुख," सुरक्षाप्रमुख म्हणाला. "चहाड्या सांगण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. दुसरा पक्षाचा सचिव, त्या सभेत निकाल वाचणारा. आणि तिसरा माझा अधिकारी आहे, कॉम्रेड. तिच्या नवऱ्याला त्यानेच गाडीत घातलं होतं. तुम्ही नीट ऐकलंत ना?"

"शंकाच नको," सोह म्हणाला. "हमसून हमसून रडत सांगितलं तिनं. संध्याकाळच्या आत उचला तिघांना."